ऑटोफोकस फिल्म एसएलआर: बटण दाबण्याआधीच सगळं ठरवून मोकळा होणारा कॅमेरा

फिल्म फोटोग्राफी परत आली, ही बातमी आता जुनी झाली. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१८ मध्ये पुन्हा आणली, लायकाने २०२२ मध्ये एम६ पुन्हा बाजारात उतरवला, २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ हा कोरा करकरीत फिल्म कॅमेरा काढला. पण यातला एकही ऑटोफोकस एसएलआर नाही. एम६ चा फोकस हाताने करायचा, पेंटॅक्स १७ वर अंतराचा टप्पा आपण निवडायचा. उलट कॅननने ईओएस-१व्ही ची विक्री २०१८ मध्ये आणि निकॉनने एफ६ ची २०२० मध्ये थांबवली. म्हणजे फिल्म वापरायची, लेन्स बदलायची आणि फोकसचं काम कॅमेऱ्यावर सोपवायचं असेल, तर जुना कॅमेरा शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

त्या जुन्यांमध्ये सगळ्यात दुर्लक्षित आहेत ते १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतले छोटे, हलके, प्लास्टिकच्या अंगाचे एसएलआर: कॅनन ईओएस ३००, निकॉन एफ६५, मिनोल्टा डायनॅक्स ५, पेंटॅक्सची एमझेड मालिका. दिसायला अगदीच साधे. कोणी गळ्यात मिरवत नाही. पण माहितीपत्रक उघडलं की ‘७ पॉइंट एएफ, ३५ झोन मीटरिंग, डीएक्स कोड, टीटीएल फ्लॅश, सिंक १/९०’ अशी रांग लागते आणि नवखा माणूस बावचळतो.

ही रांग समजून घ्यायची एक किल्ली आहे. फिल्मवरचा फोटो काढल्या काढल्या बघता येत नाही. रोल धुऊन येईपर्यंत चूक कळत नाही आणि कळते तेव्हा क्षण निघून गेलेला असतो. त्यामुळे या कॅमेऱ्यातली जवळजवळ प्रत्येक सोय शटर दाबण्याआधी चूक टाळण्यासाठी आहे. डिजिटलमध्ये जे काम मागचा पडदा करतो, ते इथे आधीच उरकावं लागतं.

## आधी एसएलआर म्हणजे काय ते बघू

लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो, वर वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणजे लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागचं शटर उघडतं, फिल्मवर प्रकाश पडतो, शटर मिटतं, आरसा खाली येतो. गंमत अशी की ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण आपल्याला दिसत नाही. तेवढ्यापुरता व्ह्यूफाइंडर काळा असतो.

## फोकस कॅमेऱ्याला कळतो कसा?

चेहऱ्यासमोर एक बोट धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीच्या तुलनेत बोट इकडून तिकडे उडी मारतं. बोट जवळ आणलं की उडी मोठी, लांब नेलं की लहान. उडीच्या मापावरून अंतराचा अंदाज येतो. कॅमेरा हेच करतो. त्याचे दोन डोळे म्हणजे एकाच लेन्सच्या दोन विरुद्ध बाजू.

मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. तिथून थोडा प्रकाश आरपार जातो, मागच्या एका छोट्या आरशावर आपटून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरवर पडतो. तिथल्या दोन चिमुकल्या भिंगांमुळे एकाच दृश्याच्या दोन प्रती तयार होतात: एक लेन्सच्या एका बाजूने आलेल्या प्रकाशाची, दुसरी दुसऱ्या बाजूने आलेल्या प्रकाशाची. फोकस अचूक असेल तर दोन प्रतींमधलं अंतर ठरलेल्या मापाचं असतं. प्रती जवळ सरकल्या तर फोकस विषयाच्या अलीकडे पडलाय, लांब गेल्या तर पलीकडे. या पद्धतीला फेज डिटेक्शन म्हणतात. तिची खरी करामत अशी की एकाच मोजणीत कॅमेऱ्याला दोन गोष्टी कळतात, लेन्स कोणत्या दिशेला फिरवायची आणि किती.

हे साधायला वेळ लागला. पेंटॅक्सचा एमई-एफ १९८१ मध्ये आला, पण त्याचा ऑटोफोकस एका खास झूम लेन्सपुरताच होता; मोटर आणि बॅटऱ्या त्या लेन्सच्याच पोटात. वजनदार आणि मंद प्रकरण. खरा बदल केला १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने. त्यात सेन्सर आणि मोटर दोन्ही कॅमेऱ्याच्या आत होती आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारख्या एका दांडीने कॅमेरा लेन्स फिरवायचा. मिनोल्टाला या यशाची किंमतही मोजावी लागली: पेटंटच्या भांडणात अमेरिकेतल्या न्यायालयात हनीवेल कंपनी जिंकली आणि १९९२ मध्ये मिनोल्टाने १२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम देऊन प्रकरण मिटवलं. मधल्या काळात कॅननने १९८७ मध्ये ईओएस ६५० काढला. मोटर प्रत्येक लेन्समध्ये, कॅमेरा आणि लेन्स यांच्यात फक्त विजेचे संपर्कबिंदू. त्यासाठी कॅननने जुना माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची कडी, सरळ मोडीत काढला. जुन्या लेन्स घेऊन बसलेले ग्राहक भडकले, पण दांड्या आणि दाते गेल्याने पुढे कॅमेरे लहान करणं सोपं झालं.

पळत्या मुलाचा फोटो काढताना आणखी एक अडचण येते. आरसा उचलला जाईपर्यंत मूल पुढे सरकलेलं असतं. म्हणून हे कॅमेरे लागोपाठच्या मोजणीतून वेग काढतात आणि शटर उघडेल तेव्हा विषय कुठे असेल याचा हिशोब करून फोकस तिथे नेतात. मिनोल्टाने ही सोय १९८८ च्या ७०००आय मध्ये दिली होती. पुढे ती छोट्या कॅमेऱ्यांतही आली.

## एवढं असूनही फोकस चुकतो कसा?

दोन प्रती जुळवायच्या तर त्यात जुळवण्याजोगं काहीतरी हवं. कोरी भिंत, धुकं, निरभ्र आकाश यांपुढे सेन्सर हतबल होतो आणि लेन्स पुढेमागे घरघरत राहते. अंधारातही तेच. म्हणून बरेच कॅमेरे अंधारात विषयावर प्रकाश टाकून सेन्सरला मदत करतात.

दुसरं कारण जास्त नडतं आणि माहितीपत्रकात दोनच शब्दांत उरकलेलं असतं: ‘क्रॉस टाइप’. साधा सेन्सर एकाच दिशेच्या रेघा वाचतो. उभ्या रेघा वाचणाऱ्या सेन्सरपुढे खिडकीच्या आडव्या पट्ट्या धरल्या की त्याला काही उमगत नाही. क्रॉस टाइप सेन्सर दोन्ही दिशा वाचतो. ईओएस ३०० मध्ये सात फोकस बिंदू आहेत, पण क्रॉस टाइप फक्त मधला. त्यामुळे अडचणीच्या प्रकाशात मधल्या बिंदूवर विसंबावं, बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवावा आणि मग चौकट हवी तशी हलवावी. आडव्या पट्ट्यांपुढे कॅमेरा क्षणभर तिरका धरून फोकस घेतला की कामही होतं.

## रोलच्या डबीवरचे ते काळे-चंदेरी चौकोन

जुन्या कॅमेऱ्यांवर रोल घातल्यावर फिल्मचा आयएसओ, म्हणजे तिची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, चकती फिरवून सांगावी लागे. विसरलात तर अख्खा रोल बिघडला. कोडॅकने १९८३ मध्ये डीएक्स कोड आणून हा घोळ संपवला. डबीवर सहा-सहा चौकोनांच्या दोन ओळी असतात. चंदेरी चौकोनातून वीज वाहते, काळ्यातून नाही. डबीच्या कप्प्यातल्या पितळी टोकांनी कॅमेरा हे वाचतो. पहिल्या ओळीतल्या पाच चौकोनांवरून २५ ते ५००० पर्यंतचे २४ आयएसओ ओळखता येतात.

पण ही सोय कधी कधी अंगावर येते. मोठ्या रिळातून हाताने भरलेल्या डबीवर कोड नसतो. अशा वेळी अनेक कॅमेरे बिनदिक्कत आयएसओ १०० धरून चालतात आणि काही स्वस्त मॉडेलमध्ये तो हाताने बदलायची सोयच नसते. तेव्हा उपाय एकच, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्या प्रकाशात आपली घट-वाढ; तिची एक पायरी, म्हणजे एक स्टॉप, प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करते. कोड असलेली आयएसओ ४०० ची फिल्म मुद्दाम १६०० समजून वापरायची असेल तरीही हाच उपाय: −२ लावायचं आणि लॅबला तसं सांगून धुवायला द्यायचं. हे बटण नसलेला कॅमेरा मी तरी घेऊ नका म्हणेन.

## ३५ झोन मोजून कॅमेरा करतो काय?

शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, किती मोठं ठेवायचं, एवढेच दोन निर्णय असतात. त्यासाठी आधी प्रकाश मोजावा लागतो. साध्या मीटरचा एक हट्ट असतो: समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं तो धरतो. मग बर्फ करडा पडतो आणि काळा कोटही करडाच.

झोन मीटरिंगमध्ये चौकटीचे तुकडे पाडून प्रत्येकाचा प्रकाश वेगळा मोजतात. निकॉन एफए ने १९८३ मध्ये याची सुरुवात केली तेव्हा तुकडे पाच होते. ईओएस ३०० मध्ये ते ३५ झाले आणि कोणत्या बिंदूवर फोकस झालाय याचाही विचार होऊ लागला. वरचे तुकडे झगझगीत आणि मधला गडद दिसला की कॅमेरा ताडतो, आकाशापुढे माणूस उभा आहे, माणसाला प्रकाश जास्त द्यायला हवा.

तरी तो चुकतोच. पण रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश दोन स्टॉपपर्यंत, म्हणजे गरजेच्या चौपट, सहज पोटात घालते. कमी पडलेला मात्र तिला सोसत नाही, सावल्या चिखलासारख्या होतात. शंका आली तर +१ लावून मोकळं व्हावं. स्लाइड फिल्मचं नेमकं उलट. तिला जास्तीचा प्रकाश खपत नाही आणि अर्ध्या स्टॉपची चूकही डोळ्यांत भरते. त्यामुळे पहिले काही रोल निगेटिव्हचेच असावेत.

## फिल्म आधी शेवटापर्यंत का पळते?

कॅननच्या छोट्या मॉडेलमध्ये रोल टाकून झाकण लावलं की मोटर सगळी फिल्म डबीतून ओढून घेते. नवख्याला वाटतं, बिघडला! प्रत्यक्षात हा या कॅमेऱ्यांचा सगळ्यात शहाणा गुण आहे. फिल्म आधी पूर्ण बाहेर काढायची आणि एकेक फोटो निघाला की तेवढी चौकट डबीत परत ओढायची. चुकून मागचं झाकण उघडलं, तर काढलेले फोटो अंधाऱ्या डबीत सुखरूप असतात. जळते ती फक्त कोरी उरलेली फिल्म. शिवाय आकडा उलटा मोजला जात असल्याने किती फोटो शिल्लक आहेत ते थेट दिसतं.

याचा एक मजेशीर परिणाम निगेटिव्हच्या पट्टीवर दिसतो. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे उलटे लागतात: पहिला फोटो ३६ च्या आसपास, शेवटचा १ जवळ. लॅबने स्कॅन करून पाठवलेले फोटोही मग उलट क्रमाने येतात. लॅबची चूक नाही ती.

फिल्म किती सरकली हे कळण्यासाठी जुन्या कॅमेऱ्यात दातेरी चाक असे. यांतल्या अनेकांत त्याऐवजी एक बारीक इन्फ्रारेड दिवा कडेची भोकं मोजतो, एका चौकटीला आठ. साध्या फिल्मला तो प्रकाश दिसत नाही, त्यामुळे बिघडत काही नाही. पण इन्फ्रारेड फिल्म घातलीत तर तिची कड धुरकटून येते. एवढ्या एका कामासाठी हा कॅमेरा बाद.

## वजन नेमकं कुठून कमी केलं?

निकॉनचा व्यावसायिक एफ५ बॅटरीविना सव्वा किलोच्या जवळपास भरतो. ईओएस ३०० साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. हा फरक फक्त प्लास्टिकचा नाही.

मोठी काटछाट झाली डोक्यावरच्या फुगवट्यात. मोठ्या कॅमेऱ्यात तिथे काचेचा घन लोलक असतो, ज्यातून उलटं चित्र सुलटं होऊन डोळ्याशी येतं. छोट्यात लोलकाऐवजी आरसे बसवून मध्ये पोकळी ठेवतात. वजन घटतं, पण व्ह्यूफाइंडर काळोखा आणि लहान होतो. काचेतून जाताना प्रकाशाचा मार्ग आखूड झाल्यासारखा असतो, म्हणून चित्र मोठं करून दाखवता येतं; पोकळीत ती सवलत मिळत नाही.

त्यात ईओएस ३०० चा व्ह्यूफाइंडर रुंदी आणि उंचीच्या ९० टक्केच दाखवतो. ९० टक्के ऐकायला बरं वाटतं, पण क्षेत्रफळात ते ८१ टक्के होतं. म्हणजे फिल्मवर जे उमटणार त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा तुम्ही बघितलेलाच नसतो. कडेला विजेचा खांब किंवा कोणाचं कोपर येतं ते असं. या पडद्यावर हाताने फोकस करणंही जिकिरीचं, कारण जुन्या कॅमेऱ्यांमधली दुभंगलेल्या चित्राची खूण इथे नसते. चष्मा लावणाऱ्यांनी घेण्याआधी डोळा लावून बघावंच.

## फ्लॅश आणि १/९० चं कोडं

शटर म्हणजे एकामागून एक धावणारे दोन पडदे. पहिला उघडतो, दुसरा झाकत येतो. वेग वाढवला की पहिला पोचण्याआधीच दुसरा निघतो आणि फिल्मवरून फक्त एक फट सरकते. फ्लॅशचा झोत अगदी क्षणिक. तेवढ्या वेळात फटीपुरतीच फिल्म उजळेल आणि बाकी पट्टा काळा राहील. म्हणून फ्लॅशसोबत जास्तीत जास्त वेग बांधलेला असतो. ईओएस ३०० आणि एफ६५ मध्ये तो १/९० सेकंद.

याचा फटका भर उन्हात बसतो. चेहऱ्यावरची सावली घालवायला उन्हात फ्लॅश मारायचा आहे आणि फिल्म ४०० ची आहे. ढोबळ नियमाने उन्हात ४०० च्या फिल्मला एफ/१६ ॲपर्चरवर (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान) १/४०० सेकंद लागतो. १/९० वर उतरायचं तर ॲपर्चर एफ/३२ च्या आसपास न्यावं लागेल, जे अनेक लेन्सना जमत नाही. १०० ची फिल्म असेल तर १/९० आणि एफ/१६, प्रश्न मिटला.

उघडणाऱ्या फ्लॅशची ताकद ‘गाइड नंबर’ने सांगतात, या कॅमेऱ्यांत तो १२ च्या आसपास असतो. त्याला ॲपर्चरच्या आकड्याने भागलं की मीटरमध्ये पल्ला मिळतो: आयएसओ १०० च्या फिल्मला एफ/४ वर तीन मीटर. आयएसओ ४०० असेल तर पल्ला दुप्पट, सहा मीटर. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून मंचावर फ्लॅश मारून पुढच्यांच्या डोक्यांखेरीज काही उजळत नाही, ते यामुळे.

टीटीएल म्हणजे लेन्समधून आत आलेला फ्लॅशचा प्रकाश मोजणं. आरसा वर गेल्यावर नेहमीच्या मीटरपर्यंत प्रकाश पोचत नाही. म्हणून तळाशी एक वेगळा सेन्सर थेट फिल्मच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तिथल्या तिथे तोडतो.

## ‘सगळं आपोआप, मग फिल्मची मजा काय राहिली?’

हा आक्षेप मला फारसा पटत नाही. चकती ‘एम’ वर नेली की सगळं तुमच्या हातात येतं. चकतीवरची चित्रंसुद्धा जादू नव्हेत: चेहऱ्याचं चित्र म्हणजे ॲपर्चर मोठं, पळत्या माणसाचं म्हणजे शटर वेगवान आणि फोकस सतत पाठलागावर. बहुतेकांना ‘एव्ही’ किंवा ‘ए’ पुरतं. ॲपर्चर आपण ठरवायचं, वेग कॅमेऱ्याने.

## ‘संपूर्ण लोखंडी, बिनबॅटरीचा कॅमेरा जास्त टिकणार नाही का?’

यात मात्र तथ्य आहे. बॅटरी संपली की हा कॅमेरा म्हणजे वजनाचा दगड. शटर उघडणार नाही, फिल्म सरकणार नाही. ईओएस ३०० ला सीआर२ जातीच्या दोन लिथियम बॅटऱ्या लागतात, ज्या कुठेही मिळतात असं नाही. एक जोडी जवळ असावी. आतलं सर्किट गेलं तर सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

पण मेकॅनिकल कॅमेराही अमर नसतो. त्याचं वंगण आटतं, शटरचे वेग ढिले पडतात, आणि ते कळतं रोल धुतल्यावर. इलेक्ट्रॉनिक शटर बहुधा एकतर बरोबर चालतं किंवा चालतच नाही. कमी वापरलेला छोटा एसएलआर हा झिजलेल्या दिमाखदार कॅमेऱ्यापेक्षा बरा, असं माझं मत.

घेताना मागचं झाकण उघडून शटरची पाती बघा, बोट न लावता. १९८० च्या दशकाच्या अखेरच्या काही ईओएस कॅमेऱ्यांत आतला मऊ स्पंज वितळून डांबरासारखा पात्यांवर पसरतो. काळा चिकट डाग दिसला तर ठेवून द्या. हाताला चिकटणारं रबर किळसवाणं लागतं, पण ते वरवरचं दुखणं आहे. बॅटरीच्या कप्प्यातली हिरवट पूड मात्र आतवर गेलेली असू शकते. झाकणाची प्लास्टिकची कडी दोनदा लावून-काढून बघा. ती तुटली तर प्रकाश आत शिरतो.

## लेन्स कोणत्या चालतील?

घरात डीएसएलआर, म्हणजे डिजिटल एसएलआर, असेल तर अर्धं काम झालंय. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स कोणत्याही ईओएस फिल्म कॅमेऱ्यावर बसतात आणि फोकसही करतात. लहान सेन्सरसाठी केलेल्या ईएफ-एस लेन्स बसत नाहीत. आरसा नसलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या आरएफ लेन्सही नाहीत. निकॉन आणि पेंटॅक्सने माउंट जुनाच ठेवला, त्यामुळे लेन्स बसेल बहुधा, पण प्रत्येक जोडीत फोकस, मीटर किंवा ॲपर्चर चालेलच असं नाही. तिथे मॉडेलचं नाव आणि लेन्सचं नाव दोन्ही जुळवून बघूनच पैसे द्यावेत.

आणि लेन्स निवडताना किटसोबतची एफ/५.६ पर्यंत काळवंडणारी झूम बाजूला ठेवून ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या. तिच्यातून प्रकाश झूमच्या लांब टोकापेक्षा जवळजवळ दहापट आत येतो. तोच अंधारा व्ह्यूफाइंडर लख्ख होतो, संध्याकाळी फोकसचा सेन्सर अडखळत नाही आणि फ्लॅश बऱ्याचदा उघडावाच लागत नाही.